गावची शाळा की पुण्याची?

"गुरुजी, पोराला गावच्या हायस्कुलात ठेवू, की पुण्याला धाडू?" खुटबाव स्टेशनाच्या बाकावर एका बापाने मला विचारले. यवतनंतर खुटबाव, पुढे केडगाव. पुण्याची गाडी दारावरून जाते, म्हणूनच हा प्रश्न आमच्याकडे उठतो.

पण वाचकहो, असे निवडण्याचे भाग्य फार जुने नाही. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाले. खेड्यातल्या पोराला मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी शाळा संपली की नांगर, नाहीतर परगाव. परगावी वार लावून जेवायचे म्हटले, तर आधी जात विचारली जाई.

ही कोंडी कर्मवीर भाऊराव पाटलांनी फोडली. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. तिथली चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. खेड्याच्या दारी हायस्कूल आले, ते अशा वाटेने.

मी त्या बापाला विचारले, "आणि पोरगी?"

"ती गावातच शिकंल. तिला कुठं लांब धाडता?"

"मग पोरीला जी शाळा चालते, ती पोराला का चालत नाही?"

तो गप्प झाला. गाडी आली आणि गेली. मग आम्ही दोघेही शाळेकडे वळलो. शिक्षक पुरेसे आहेत का, प्रयोगशाळेला कुलूप तर नाही ना, हे आधी पाहायचे होते. पोराचे काहीही ठरो. पोरीसाठी तरी ते पाहणे भागच होते.