नगरची मंडळी

'मंडळी' हा शब्द मराठीत किती घरगुती आहे हे वेगळे सांगायला नको. घरातली माणसे ती मंडळी. नाटकवाल्यांचीही मंडळीच. जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचा उल्लेख 'आमची मंडळी' असा करीत असे, आणि कीर्तनकार समोर बसलेल्यांना हाक घालतो तीही याच शब्दाने. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी नेमका हाच शब्द घेतला. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणूस बोलताना इमारतीला देऊळ वा मंदिर म्हणतो, पुरोहिताला पाळक म्हणतो, आणि रविवारी तेथे जमणाऱ्या माणसांना मंडळी. एकट्या 'चर्च' या शब्दात हे सारे एकमेकांत मिसळून जाते. मराठीने ते वेगळे ठेवले.

आम्ही येथे ज्या मंडळीविषयी लिहीत आहोत ती अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे गाव रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई आणि टिळकांच्या घरी राहिलेले बालकवी यांच्यामुळे ठाऊक असते. 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना आपण त्या पुस्तकाकडे एका विलक्षण संसाराची कथा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या संसाराच्या मागे एक अख्खा समाज उभा आहे. पोट भरण्यासाठी हात पसरावा लागलेला, त्यासाठी टोमणे ऐकलेला, आणि तरीही आपल्या भाषेत आपले गाणे म्हणू पाहणारा हा समाज आहे. त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ साली मुंबईस उतरले. नगरला ठाणे पडले ते १८३१ मध्ये. ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वी या मिशनऱ्यांबरोबर बाबाजी रघुनाथ हा ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थही तेथे गेला. गावात आंधळे, पांगळे, म्हातारे अशा निराधारांसाठी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर चाललेले एक आश्रयगृह होते. त्याची देखरेख मिशनऱ्यांकडे आली. १८३३ साली नगरची मंडळी रीतसर स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत या आश्रयगृहातली माणसे होती. ज्यांना गावाने कोपऱ्यात बसवले होते त्यांच्या पंगतीत बाबाजी प्रभुभोजनाला बसला. त्याच वर्षी पटकीने तो गेला. हॉलिस रीड यांनी त्याचे चरित्र लिहून अमेरिकेत प्रसिद्ध केले. तिकडच्या वाचकाला अर्थातच त्या चरित्रातला ब्राह्मण हवा होता. आश्रयगृहातल्या आंधळ्या-पांगळ्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

या आरंभाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. धर्मसंस्था आधी उभी राहते आणि मग ती सवडीने दानधर्म करते, असा सर्वसाधारण समज असतो. नगरला क्रम उलटा होता. आधी अन्नछत्र होते आणि त्याच्या ओसरीवर उपासना सुरू झाली. त्यामुळे देणारा कोण आणि घेणारा कोण हा प्रश्न या मंडळीच्या पाचवीलाच पुजलेला होता. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा तिने पहिल्या दिवसापासून ऐकला असणार. त्याला आवेशाने उत्तर देता येते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तो टोमणा पूर्ण खोटा म्हणता येत नाही, आणि पूर्ण खरा तर मुळीच म्हणता येत नाही. भुकेलेल्या माणसाला भुकेपलीकडचे काही कळतच नाही, हे गृहीत धरल्याशिवाय तो टोमणा उभाच राहत नाही.

पुढच्या दोन दशकांत भोवतालच्या खेड्यांतून, विशेषतः महारवाड्यांतून, माणसे येत गेली. शाळा निघाल्या. सिंथिया फरार या बाईंच्या मुलींच्या शाळेची हकिकत तर महाराष्ट्राला ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांनी ती शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा घेतली. १८५४ साली नगरला हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. बहुसंख्य मंडळी महार आणि पाळक जन्माने ब्राह्मण, हा विरोधाभास त्या काळच्या डोळ्यांना किती खुपला असेल याची कल्पनाच करावी. आणि पाळकाला वेतन कोणी द्यायचे? मिशनने दिले तर तो मिशनचा नोकर. मंडळीने द्यायचे तर मंडळीकडे आहे काय? हा हिशेब पुढे शंभर वर्षे सुटला नाही.

आता उपासनेकडे वळू. हेन्री बॅलंटाइन हे १८३५ मध्ये आलेले मिशनरी. 'ज्ञानोदय' नगरला १८४२ मध्ये निघाला तो त्यांच्याच हातून. त्यांनी इंग्रजी स्तोत्रांची मराठी भाषांतरे केली आणि ती मूळच्याच चालींवर गायला लावली. श्रम मोठे होते, हेतू प्रामाणिक होता. पण छंदःशास्त्राने त्यांना साथ दिली नाही. इंग्रजी पद्य आघातावर चालते. एक अक्षर दाबायचे, एक सोडायचे. मराठीला असा आघात नाही. तिचा तोल अक्षरांच्या संख्येवर, लघुगुरूंवर आणि मात्रांवर. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवला की ऱ्हस्व ताणला जातो, दीर्घ चेपला जातो, आणि गाणाऱ्याला आपलीच भाषा परक्याने उच्चारल्यासारखी ऐकू येते. ज्याला वाचता येत नाही त्याची अडचण याहून मोठी. अभंगाच्या चरणांतली सहा-सहा-सहा-चार अक्षरांची ठेवण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतले यमक म्हणजे निरक्षराची वहीच. या वहीवाचून ऐकणाऱ्याच्या हाती काही उरत नसे.

हे ओळखणारी माणसे मंडळीतच निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन नगरकडे रुजले. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातले मोठे नाव. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, हा साचा जुनाच राहिला. आख्यानाला विषय मात्र बायबलातले आले. टाळमृदंगाने देवळाची आठवण होते म्हणून नाके मुरडणारेही होते, आणि त्यांत नवख्रिस्तीही होते. त्यांचेही आम्ही समजू शकतो. ज्या दारातून हाकलले गेलो तिथला नाद नव्या घरात कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरी दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. चोखोबा पंढरीच्या देवळाबाहेर राहिला आणि त्याच्या जातीच्या माणसांना ते दार १९४७ पर्यंत बंद होते. नगरच्या मंडळीत त्याच समाजाची माणसे अभंगाचा छंद घेऊन देवळाच्या आत बसली होती, एवढेच नव्हे तर उभी राहून कीर्तन करीत होती. भाकरी मिळाली ती कोणी दिली म्हणून मिळाली. हे गाणे मात्र त्यांना कोणी दिले नव्हते, ते त्यांचेच होते.

मग दुष्काळ आले. १८७६ ते ७८ चा, १८९६-९७ चा, आणि १८९९-१९०० चा. मधेच प्लेगही आला. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस चुकला की जोंधळा गेला, जोंधळा गेला की कडबा गेला, आणि कडब्यामागून गुरे. रॉबर्ट ह्यूम हे मुंबईत जन्मलेले, नगरलाच आयुष्य काढलेले मिशनरी. शतकाच्या अखेरच्या या दुष्काळांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विहिरी खणवल्या, कामे काढली, अनाथ मुलांसाठी वसतिगृहे चालवली. १९०० साली 'ख्रिश्चन हेरल्ड' या अमेरिकन साप्ताहिकाने वर्गणी जमवून 'क्विटो' नावाच्या जहाजातून मका पाठवला. ह्यूमना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. वाचलेल्या पोरांना पुढे काय, या विवंचनेतून सुतारकाम, गालिचे, विणकाम असे उद्योग शिकवले गेले. चर्चिल नावाच्या अभियंता मिशनऱ्याने तेथे सुधारलेला हातमागही बनवला. डॉ. रूथ ह्यूम यांनी बायका-मुलांसाठी दवाखाना चालवला. ही यादी लांबवता येईल, पण त्याची गरज नाही.

गरज आहे ती एका गोष्टीकडे पाहण्याची. दुष्काळाच्या दिवसांत बाप्तिस्मा मागायला येणाऱ्याला तो द्यावा की थांबवावे? नाही म्हणावे तर श्रद्धेवर अविश्वास, हो म्हणावे तर टोमणा खरा. आणि दुष्काळ सरल्यावर मंडळीत एक अख्खी पिढी अशी होती जिला आई-बाप, घर, अन्न, शिक्षण, नोकरी, सारे काही 'साहेबा'ने दिले होते. उपकार हे असे कर्ज आहे की ज्याची मुदत संपत नाही.

याच काळात नारायण वामन टिळक या मंडळीत होते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगरला येऊन ते ह्यूम यांच्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकवू लागले. टिळकांना ख्रिस्त हवा होता, पण तो कोट-पाटलोणीतला नको होता, हे वाक्य इतक्यांदा लिहिले गेले आहे की त्यातला अर्थ झिजून गेला आहे. टिळकांचे खरे भांडण वेशभूषेशी नव्हते. ते या देणे-घेण्याच्या नात्याशी होते. ज्या मंडळीचा पाळक परक्याच्या पगारावर जगतो तिची प्रार्थना स्वतंत्र असू शकते काय? त्यांनी अभंग, भजने, कीर्तने लिहिली ती या प्रश्नाचे उत्तर म्हणून. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे, आणि खेड्यातल्या ज्या बाईला 'केशवसुतांचे समकालीन' वगैरे काही ठाऊक नाही तिला टिळकांची पदे पाठ असतात. आमच्या समीक्षेने 'फुलांमुलांचे कवी' म्हणून टिळकांना कोपऱ्यात ठेवले आणि त्यांच्या भजनांना वाङ्मयाबाहेर काढले. कवीला एवढा समाज गातो आणि समीक्षकाला त्याचा पत्ता नाही, ही उणीव कवीची नव्हे.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे काम सोडले, पगार सोडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र येतील, अशी 'देवाचा दरबार' ही कल्पना घेऊन ते साताऱ्यास राहिले. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार फार काळ भरला नाही. टिळकांची ही धडपड अव्यवहारी होती असे म्हणणारे होते, आणि संसाराची झळ सोसलेल्या लक्ष्मीबाईंइतका तो अव्यवहारीपणा दुसऱ्या कोणी जवळून पाहिला नव्हता.

लक्ष्मीबाईंविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षे दूर राहिल्या. मग नगरला आल्या त्याही सोवळे सांभाळून, चूल आणि पाणी वेगळे ठेवून. जात माणसाने केली की देवाने, याचा त्यांनी स्वतःशी विचार केला आणि एकेक बंधन सोडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अनाथ मुले सांभाळणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, हे त्यांनी 'सेवाकार्य' म्हणून केले नाही. घरातली बाई जे करते ते केले, फक्त घर मोठे झाले होते. 'स्मृतिचित्रे'तला विनोद आपल्याला आवडतो, पण दया करणाऱ्याच्या उंचीवरून त्यात एकही वाक्य येत नाही, याकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष नेहमी वेधतो. मिशनच्या अहवालांशेजारी हे पुस्तक ठेवून वाचावे. अहवालात अनाथांची संख्या असते; लक्ष्मीबाईंच्या पानांवर ती मुले खोड्या करतात. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेले आणि मुलगा देवदत्त याने पुरे केले.

पुढे मिशनरी गेले. १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, ते याच परंपरेतून आलेले गृहस्थ. १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली आणि नगरच्या जुन्या मंडळ्या तिच्या घटक झाल्या.

उपकारस्तुतीच्या सणाला, म्हणजे सुगीनंतर, आम्ही एकदा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. देवळात वेदीपाशी जोंधळ्याची कणसे, भोपळे, दोन कोंबड्या आणि एका परडीत अंडी ठेवलेली होती. पेटी आणि तबल्यावर भजने झाली, पाळकांचे प्रवचन झाले, आणि मग अर्पणाचा लिलाव सुरू झाला. एका म्हातारीने आणलेले अंडे वीस रुपयांना गेले. घेणाऱ्याने ते परत परडीत ठेवले. पुन्हा बोली, पुन्हा कोणी घेतले, पुन्हा परडीत. जमलेल्या पैशांतून मंडळीतल्या एका विधवेच्या घराचे पत्रे यायचे होते. अंडे पाचव्यांदा विकले गेले तेव्हा ते म्हातारीच्याच नातवाने घेतले, आणि तिने त्याला सर्वांदेखत दम भरला की फोडशील हो, नीट धर.