साखर-पाइनचे तीन शंकू

सिमला, मसुरी किंवा नैनितालला जाऊन आलेल्या मंडळींच्या घरी एक वस्तू हमखास दिसते. काचेच्या कपाटात, कपबशांच्या शेजारी, लाकडातून कोरून काढल्यासारखे खवल्याखवल्यांचे एक फळ ठेवलेले असते. पाहुण्याने विचारले की यजमान म्हणतात, "ते होय? चिडाचे फळ. रस्त्यात पडलेले होते, उचलून आणले." पाहुणा ते हातात घेतो, फिरवून पाहतो आणि परत ठेवतो. त्यापुढे गोष्ट जात नाही.

ती आज थोडी पुढे नेऊ या. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत हे फळ नव्हे. याला शंकू म्हणतात. आंब्याची कोय गराच्या आत दडलेली असते. चीड, देवदार, पाइन या झाडांचे बी मात्र उघडे, खवल्यावर नुसते टेकलेले असते. पाइनच्या एकेका खवल्यावर दोन-दोन बिया असतात. शंकू हिरवा असतो तोवर खवले एकमेकांना घट्ट बिलगून त्या बियांची राखण करतात; तो पिकून वाळला की खवले उघडतात आणि बी सुटते. कपाटातल्या त्या शंकूवर तुम्ही घरबसल्या एक प्रयोग करून पाहा. पावसाळ्यात तो मिटू लागेल आणि ऊन पडले की पुन्हा उलगडेल. झाडावरून उतरून वर्षे लोटली तरी हे चालते, कारण खवल्याचा एक थर ओलाव्याने जास्त फुगतो आणि दुसरा कमी. हवेतला दमटपणा सांगणारे हे बिनखर्चाचे यंत्रच म्हणा ना!

पण आपल्याकडचे चिडाचे शंकू तसे लहान. मी ज्या शंकूची कथा सांगणार आहे तो हातभर लांब, म्हणजे दीड फुटापर्यंतही भरतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या डोंगरांत, साखर-पाइन नावाचे झाड आहे. सगळ्या पाइनांत उंच तेच, आणि शंकूही त्याचेच सर्वांत लांब. हा शंकू मिळवण्यासाठी एका तरुणाने आपला जीव धोक्यात घातला होता.

त्याचे नाव डेव्हिड डग्लस. १७९९ साली स्कॉटलंडमधल्या स्कोन गावी एका गवंड्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शाळेत त्याचे मन रमले नाही. लहानपणीच तो बागेच्या कामाला लागला. पुढे ग्लासगोच्या वनस्पती-उद्यानात विल्यम हूकर या विद्वानाची नजर त्याच्यावर गेली आणि त्याच्या शिफारशीमुळे लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने या तरुणाला नवनवीन झाडांचे बी गोळा करण्यासाठी परदेशी धाडले. १८२५ च्या एप्रिलमध्ये, आठ महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून, तो कोलंबिया नदीच्या मुखाशी उतरला. तिथे हडसन बे कंपनीचा कातड्यांचा व्यापार चालत असे. त्या कंपनीच्या फोर्ट व्हँकुव्हर या ठाण्यावर त्याने आपले बिऱ्हाड मांडले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. कोलंबियाला मिळणाऱ्या विलामेट नदीच्या काठाने हिंडत असताना डग्लसला एका ठिकाणी तंबाखूची लागवड दिसली. नमुना म्हणून त्याने ती उपटली आणि काखेत मारून निघाला. वाटेत मळ्याचा मालकच समोर उभा! तो स्थानिक आदिवासी माणूस चांगलाच रागावला. डग्लसने आपल्याजवळचा दोन बोटे युरोपी तंबाखू पुढे केला, तेव्हा कुठे समेट झाला. मग दोघांच्या चांगल्या गप्पा झाल्या, आणि राख घातली की तंबाखूचे पान मोठे होते हेही त्या शेतकऱ्याने सांगितले. याच फेरीत तिथल्या लोकांच्या तंबाखूच्या चंचीत डग्लसला काही बिया दिसल्या. त्या पाइनच्या होत्या खऱ्या, पण एवढी मोठी बी त्याने आजवर पाहिली नव्हती. लोक त्या शेंगदाण्यासारख्या खात. झाड कुठे आहे, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, दूर दक्षिणेच्या डोंगरात.

झाले! त्या चंचीतल्या बियांनी डग्लसची झोप उडवली. दक्षिणेकडे जाणारी सोबत मिळेपर्यंत वर्ष गेले. १८२६ च्या सप्टेंबरात कंपनीची एक टोळी अंपक्वा नदीच्या मुलखाकडे निघाली, तिच्याबरोबर तो गेला. पाऊस, वादळ, उपास, सगळे सोसले. २६ ऑक्टोबरला सकाळी तो मुक्कामावरून एकटाच निघाला. तासाभराच्या वाटेवर एक आदिवासी भेटला. परका माणूस पाहताच त्याने धनुष्याला दोरी चढवली. डग्लसने आपली बंदूक खाली ठेवली, त्याला तंबाखू दिला, मणी दिले, आणि पेन्सिलीने कागदावर त्या झाडाचे आणि शंकूचे वेडेवाकडे चित्र काढून दाखवले. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता. पण चित्र कळले. त्या माणसाने लगेच दक्षिणेच्या टेकड्यांकडे बोट दाखवले आणि स्वतः बरोबर निघाला.

दुपारच्या सुमाराला डग्लस त्या झाडांखाली पोहोचला. वाऱ्याने उन्मळून पडलेले एक झाड त्याने मोजले. जमिनीपासून तीन फुटांवर बुंध्याचा घेर ५७ फूट ९ इंच आणि लांबी २१५ फूट, असे त्याचे टिपण आहे. वर फांद्यांच्या टोकांना, दुकानात टांगलेल्या साखरेच्या ढेपांसारखे, शंकू लोंबत होते. चढायचे म्हटले तर खालचे खोड नुसते सरळसोट, फांदीचे नाव नाही. मग त्याने बंदूक उचलली आणि गोळ्या झाडून शंकू पाडायला सुरुवात केली.

तीन शंकू खाली आले आणि बंदुकीच्या आवाजाने आठ आदिवासीही आले. अंगाला तांबडी माती लावलेली, हातांत धनुष्ये, हाडांच्या टोकांचे भाले आणि गारगोटीचे सुरे. डग्लसने खुणांनी आपला हेतू सांगितला. ते ऐकून मंडळी तंबाखू ओढायला बसलीही. पण एक जण धनुष्याला दोरी लावतो आहे आणि दुसरा सुरा पाजळतो आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. तो मागे सरकला, एका हातात बंदूक, दुसऱ्यात पिस्तूल धरून उभा राहिला. आठ-दहा मिनिटे कोणी हलले नाही. अखेर त्यांच्या म्होरक्याने तंबाखू मागितला. डग्लसने खूण केली: शंकू आणून द्या, तंबाखू देतो. ते शंकू शोधायला पांगले मात्र, याने आपले तीन शंकू आणि काही डहाळ्या उचलल्या आणि जी धूम ठोकली ती मुक्काम येईपर्यंत! त्या रात्री गवतावर पडून, बंदूक शेजारी ठेवून, राळेने भरलेल्या लाकडाची चूड पेटवून तिच्या उजेडात त्याने ही हकीकत लिहिली.

आपण हे साहस म्हणून वाचतो. पण त्या आठ जणांच्या बाजूनेही एकदा पाहा. आपल्या रानात कोणी तरी परका येतो, धडाधड गोळ्या झाडतो आणि आपल्या खाण्याचे शंकू पाडतो. ते रागावले यात नवल काय? कारण हा शंकू त्यांच्या संसारातली वस्तू होती. उन्हाळा सरता सरता शंकू काढायचे, बिया वाळवून हिवाळ्यासाठी साठवायच्या, काही तशाच खायच्या, काही कुटून त्यांच्या भाकऱ्या भाजायच्या. हिरवा शंकू हात लावू देत नाही, चिकाने बरबटतो. म्हणून तो विस्तवात भाजून घेत. चीक जळतो, खवले सैल होतात आणि बी सहज निघते. झाडाच्या जखमेतून गोड चीक पाझरून खडा होतो, तो गोडी म्हणून वापरीत. साखर-पाइन हे नाव त्यावरूनच पडले. फार खाल्ला तर तो रेचक ठरतो. याच भागातल्या दुसऱ्या एका पाइनच्या कठीण कवचाच्या बियांना भोके पाडून त्यांचे मणी करीत आणि नाचाच्या पोशाखाला गुंफीत. म्हणजे अन्न झाले, औषध झाले, दागिनेही झाले. डग्लसला जो 'शोध' लागला तो कोणाच्या तरी चंचीत आधीच होता.

डग्लसने १८२७ मध्ये लंडनच्या विद्वानांपुढे या झाडाचे वर्णन ठेवले. नाव दिले लॅम्बर्ट या पाइनच्या अभ्यासकाचे: पायनस लॅम्बर्टियाना. ब्रिटनच्या रानांत ते झाड फारसे वाढले नाही. डग्लसनेच पाठवलेली डग्लस-फर आणि सिट्का स्प्रूस ही झाडे मात्र तिथे उदंड झाली. पुढे कॅलिफोर्नियात त्याला थॉमस कोल्टर हा आयरिश संग्राहक भेटला. त्याच्या नावाच्या कोल्टर-पाइनचा शंकू लांबीला कमी, पण वजनाला सर्वांत भारी, चार-पाच किलोपर्यंत. खवल्यांना वाघनखांसारखे आकडे. त्या झाडाखाली डुलकी काढण्याचा विचार कोणी न केलेला बरा! १८३४ च्या जुलैत हवाई बेटावर, रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात डग्लस मरून पडलेला सापडला. खड्ड्यात बैल होता. वय पस्तीस.

त्याच्याआधीच त्याच्या वाटाड्यांवर काळ आला होता. १८३० मध्ये डग्लस कोलंबियाच्या काठी परत आला, तेव्हा गावेच्या गावे ओस पडलेली त्याने पाहिली. बाहेरून आलेल्या तापाची साथ पसरली होती. तो हिवताप असावा, असे आजचे अभ्यासक मानतात. पुढच्या दहा वर्षांत कोलंबिया-विलामेटच्या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांपैकी दहांतले आठ-नऊ जण गेले, असा त्यांचा अंदाज आहे. चंचीत बिया बाळगणारे हात असे नाहीसे झाले.

मग पाळी झाडांची आली. १८४८ नंतर सोन्याच्या ओढीने माणसांचे लोंढे आले. साखर-पाइनचे लाकूड सरळ, मऊ, सहज चिरले जाणारे. घरांच्या छपरांना त्याच्या फळ्या उत्तम. कुऱ्हाड अर्थातच मोठ्या झाडांवर चालली, आणि भरपूर शंकू धरतात तीही मोठीच झाडे. यात एका रोगाची भर पडली. अमेरिकेतले पांढरे पाइन हौसेने युरोपात लावले गेले होते. आशियातून आलेला तांबेरा तिथे त्यांच्यावर पडला. १९१० साली फ्रान्समधून पाइनची रोपे जहाजाने कॅनडाच्या व्हँकुव्हरला आली, त्यांच्याबरोबर तो रोगही पश्चिम किनाऱ्यावर उतरला. गव्हावरच्या तांबेऱ्याने शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो हे आपण जाणतो. हा तांबेरा सबंध झाड वाळवतो. बी आणि रोपे जगभर नेण्याच्या ज्या उत्साहाने डग्लसला घडवले, त्याच उत्साहाची ही दुसरी बाजू.

आणि आता तो शंकू पुन्हा कामाला आला आहे. काही थोड्या साखर-पाइनांत या रोगाला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. ती एका जनुकामुळे वारशाने उतरते, हे १९७० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ऑरेगनमध्ये, अंपक्वाच्या रानांपासून जवळच, डोरेना येथे अमेरिकन वनखात्याचे केंद्र १९६६ पासून हेच काम करते. निवडक झाडांचे शंकू ऑगस्ट-सप्टेंबरात, उघडण्यापूर्वी, काढायचे. दोरखंड बांधून माणसे शेंड्यापर्यंत चढतात, कारण शंकू नेमके फांद्यांच्या टोकाला. एक शंकू उभा कापून आतले बी भरले आहे ना ते पाहतात. मग पोत्यांत भरून आणायचे, वाळवायचे, बी झाडून घ्यायचे, रोपे करायची आणि त्या रोपांवर मुद्दाम तांबेरा सोडायचा. त्यातून तगतील त्यांच्यावर पुढची भिस्त. जळलेल्या, वठलेल्या डोंगरांवर अशी रोपे लावली जातात.

हे सारे दूरदेशीचे झाले असे म्हणू नका. आपल्या सुक्या मेव्याच्या दुकानात जो चिलगोजा मिळतो तोही पाइनचेच बी. हिमाचल प्रदेशातल्या किन्नौरमध्ये आकडी लावलेल्या काठीने त्याचे शंकू असेच उघडण्यापूर्वी काढतात. एका झाडावर एका माणसाचा हिवाळा निघतो, अशी तिकडची जुनी म्हण इंग्रजांनी नोंदवून ठेवली आहे. या झाडाच्या शास्त्रीय नावात मात्र किन्नौर नाही. तिथे नाव आहे जेरार्ड या ब्रिटिश कप्तानाचे. भाव चढला की झाडावर एकही शंकू राहू दिला जात नाही आणि मग खाली नवे रोप उगवत नाही, ही तिथली आजची काळजी आहे. साखर-पाइनच्या रानात खारी आणि निळे जे पक्षी बिया पळवतात, पुरून ठेवतात, आणि त्यांतल्या विसरलेल्या बियांतून झाड उगवते. माणसाला तसे विसरून चालत नाही. त्याने समजून-उमजून काही शंकू झाडावर ठेवले पाहिजेत.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणाकडे कपाटात तो शंकू दिसला, तर हातात घेऊन त्याच्या खवल्यांत जरा डोकावून पाहा. बहुधा तिथे बियांच्या रिकाम्या खुणाच दिसतील. ते बी कुठल्याशा उतारावर पडून रुजले असेल, तर उत्तमच.