मोटारीची मान

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी १९४९च्या सुमारास ‘मीरा’ ही छोटी मोटार घडवली. ती विक्रीला कधी आली नाही. कौतुक होते इंजिनाचे. पण घरी मोटार बांधणाऱ्याची परीक्षा स्टिअरिंगच्या पेटीपाशी होते.

जागा अरुंद, म्हणून पेटी लहान हवी. पण केवळ मापावर भुलू नये. पेटीतल्या मळसूत्राचे आटे दाट, तर चक्र हलके, मात्र फार फिरवावे लागते. आटे विरळ, तर चाके झटकन वळतात आणि हात भरून येतात. आमच्या शेणव्याहून मुरबाडमार्गे माळशेज चढणाऱ्याला हे सांगायला नको.

‘मीरा’चे इंजिन मागे होते. अशा गाडीत पुढच्या चाकांवर भार कमी, म्हणून लहान पेटीही पुरते. इंजिन पुढे असेल, तर आधी भार पाहावा, मगच पेटी निवडावी. वळणावर सारे कुटुंब तिच्याच हवाली असते.