कृष्णविवराजवळचं चुंबकत्व: फ्रिजवरच्या चुंबकाहून दुबळं, तरी भारी

काही दीर्घिकांचं केंद्र इतकं तळपतं की त्यांतले बाकीचे तारे त्यापुढे फिके पडतात. या सक्रिय दीर्घिका. त्यांच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर असतं आणि त्यात पडणारा वायू तापून चमकतो. पण सगळाच वायू आत जात नाही. काही भाग जवळपास प्रकाशाच्या वेगाने झोतासारखा बाहेर फेकला जातो. सगळं गिळणाऱ्या कृष्णविवराजवळून हे बाहेर कसं पडतं?

उत्तराचा मोठा भाग चुंबकीय क्षेत्रात आहे. ५.५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या 'एम ८७' दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा फोटो १० एप्रिल २०१९ला आला. २४ मार्च २०२१ला त्याच कड्याचा ध्रुवीकरण दाखवणारा फोटो आला (हे ध्रुवीकरण राजकारणातलं नव्हे!). चुंबकीय रेषांभोवती गरगरणारे इलेक्ट्रॉन ज्या रेडिओ लहरी सोडतात, त्या ठरावीक दिशेने कंप पावतात. ती दिशा मोजली की चुंबकीय रेषांची ठेवण कळते.

आकडा मात्र चकवणारा आहे: १ ते ३० गॉस. पृथ्वीचं चुंबकत्व साधारण अर्धा गॉस, तर फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाचं ५०च्या पुढे. मग एवढ्याशा क्षेत्राचा जोर चालतो कसा? कारण तिथला वायू अतिशय विरळ आहे आणि हे क्षेत्र सुमारे १०,००० कोटी किलोमीटर रुंद कड्यात पसरलंय. ते काही वायूला आत पडण्यापासून रोखतं आणि झोताला वाट देतं. शिवाय ते स्थिर नाही. २०१७ ते २०२१ या काळात ध्रुवीकरणाच्या नक्षीची दिशाच उलटली, असं २०२५मध्ये जाहीर झालं.

महाराष्ट्रातही या विषयावर काम चालतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरांत पसरल्यात, म्हणजे जवळपास आष्टा ते सांगली एवढ्या अंतरात. कृष्णविवराच्या अगदी काठावरचं तिला दिसत नाही. पण दूर गेलेल्या, थकलेल्या झोतांचा मंद प्रकाश कमी वारंवारतेच्या लहरींत टिकून असतो आणि तो ती टिपते. पुण्याच्या एनसीआरएमधल्या प्रीती खरब आणि सहकाऱ्यांना २०२३मध्ये 'एनजीसी २६३९' दीर्घिकेत अशाच जुन्या झोताची खूण सापडली. तिथलं कृष्णविवर निदान चार वेळा जागं झालंय. ताऱ्यांचा कच्चा माल असलेला थंड वायू या दीर्घिकेच्या मध्यभागी कमी आढळतो. वारंवार सुटलेल्या झोतांनीच तो बाहेर ढकलला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.