कमांड.कॉम

कमांड.कॉम : एमएस-डॉस या कार्यप्रणालीचा कमांड प्रोसेसर. टाइप केलेली आज्ञा वाचणे आणि ती स्वतः पार पाडणे किंवा त्या नावाचा प्रोग्रॅम मेमरीत आणून सुरू करणे, हे त्याचे काम. १९८१ च्या आयबीएम पीसीवर प्रोग्रॅमांना जास्तीत जास्त ६४० किलोबाइट मेमरी उपलब्ध होती आणि प्रत्यक्षात बहुतेक यंत्रांत त्याहून बरीच कमी असे. कमांड.कॉमची रचना या टंचाईतून घडली, आणि ती तात्पुरती क्लृप्ती नसून विचारपूर्वक केलेली काटकसर होती. त्याचे तीन भाग पडत. ऑटोएक्झेक.बॅट चालवणारा आरंभीचा भाग काम संपताच टाकून दिला जाई. निवासी भाग डॉसच्या गाभ्यालगत कायम राही. प्रोग्रॅमची समाप्ती, कंट्रोल-सी आणि डिस्कचे गंभीर दोष तो हाताळी. डीआयआर, कॉपी यांसारख्या आज्ञांचा मोठा, अस्थायी भाग मेमरीच्या वरच्या टोकाला असे व प्रोग्रॅमला ती जागा लागल्यास खुशाल पुसला जाई. प्रोग्रॅम संपल्यावर निवासी भाग बेरीज-तपासणी करी. ती जुळली नाही, तर कॉमस्पेक या चलात नोंदवलेल्या ठिकाणाहून अस्थायी भाग पुन्हा वाचला जाई.

यावर आक्षेप असा, की फ्लॉपीवर काम करणाऱ्याला कमांड.कॉम असलेली डिस्क पुन्हा घालावी लागे. त्रास खरा होता. पण हार्ड डिस्कवर तो जाणवत नसे आणि कॉमस्पेक रॅमडिस्ककडे वळवण्याची सोय होती. सहाव्या आवृत्तीपर्यंत ही फाइल ५० किलोबाइटांहून मोठी झाली. ती अखंड मेमरीत ठेवली असती, तर भुर्दंड प्रत्येक प्रोग्रॅमला पडला असता. एखादा चुकार प्रोग्रॅम निवासी भागच पुसून यंत्र ठप्प करू शके, हा दोष मात्र विभागणीचा नाही. ८०८८ प्रोसेसरमध्ये मेमरीचे संरक्षणच नव्हते.

रचनेची खरी उणीव दिसते ती दुसरी प्रत सुरू करताना. १९८३ च्या आवृत्ती २.० पासून प्रोग्रॅमला इंटरप्ट २१ च्या ४बी क्रमांकाच्या सेवेने ‘कमांड /सी’ चालवता येई. .कॉम प्रकारच्या प्रोग्रॅमला सुरुवातीला उरलेली सारी मेमरी मिळत असल्याने आधी त्याला जागा मोकळी करावी लागे. नवी प्रत स्वतःचा निवासी भाग आणि चलांची नक्कल घेऊन बसे, त्यामुळे तिच्यात बदललेली चले एक्झिट करताच नाहीशी होत. कॉन्फिग.सिसमधील शेल या ओळीने कमांड.कॉमच्या जागी दुसरा प्रोसेसर नेमता येई. फोरडॉस या पर्यायी कमांड प्रोसेसरने हीच मुभा वापरली आणि आपला बराचसा भाग विस्तारित मेमरीत किंवा डिस्कवर हलवून प्रोग्रॅमांना अधिक जागा मिळवून दिली.