वाट ठरवणारा आणि ओझे वाहणारा

दादर स्टेशनाबाहेर डबेवाला झाकणावरच्या खुणेवर एक नजर टाकतो आणि डबा नेमक्या ढिगात ठेवतो. मुलुंडचे घर, लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभी राहिलेली कचेरी, मधले रस्ते, यांचा विचार तो तिथे करीत बसत नाही. तो विचार खूण रंगवतानाच झालेला असतो. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्याचे मर्म मला इथे दिसते.

इंटरनेटला ते उमगायला बराच काळ लागला. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले, तेव्हा चौकातले यंत्र एकटेच होते. वाट शोधायची त्यानेच, संदेशांचे तुकडे पुढे ढकलायचेही त्यानेच. गर्दी थोडी होती, निभले. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुले केले, तोवर जगभर रेटारेटी सुरू झाली होती. कुठे तार तुटली की चौकाचौकांत निरोप धावत : ती वाट बंद, नवी शोधा. यंत्र त्या हिशेबात इतके बुडून जाई, की शेजाऱ्याला ‘मी आहे’ एवढे कळवायचीही त्याला सवड नसे. शेजारी त्याला मेलेले समजत, नव्या वाटा शोधू लागत आणि स्वतःही त्याच हिशेबात बुडत. एका तारेचे दुखणे दूरवर पसरे.

१९९८मध्ये ज्युनिपर कंपनीचा एम-४० हा राउटर आला. कानपूर आयआयटीत शिकलेले प्रदीप सिंधू हे या कंपनीचे एक संस्थापक. या यंत्रात एक भाग शेजाऱ्यांशी बोलून वाटांचा तक्ता तयार करी. दुसरा, खास घडवलेल्या चिपांचा भाग, तक्ता पाहून सेकंदाला सुमारे ४ कोटी तुकडे पुढे पाठवी. पुढे तर अशी सोय झाली, की पहिला भाग बंद पडून पुन्हा सुरू होईतो दुसरा जुन्या तक्त्यावर काम रेटत राहतो. (कवितेत मला अर्थ आणि लय अशी कधी वेगळी करता आली नाहीत!)

पण तक्ताच चुकला, तर वाहणारा बिनतक्रार चुकीकडे नेतो. आणि वाट सांगणारेच गप्प झाले तर? ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप मुके झाले, ते आठवत असेल. समुद्रातली केबल तुटली नव्हती. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची केंद्रे एकमेकांपासून तुटली आणि ‘आमच्याकडे यायची वाट ही’ असे जगाला सांगणारे निरोप मागे घेतले गेले. यंत्रे जागी होती. त्यांच्याकडे जायचे कसे, हेच कुणाला ठाऊक नव्हते. सुमारे सहा तास असे गेले. दुरून दुरुस्ती होईना, तेव्हा इंजिनियरांना स्वतः उठून त्या इमारतींत जावे लागले.