संशय, रहस्यपट आणि आजच्या बातम्या

रहस्यपट म्हणजे निव्वळ करमणूक, असे आपण सहज बोलून जातो. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याच्यावर पहिला संशय जातो तो बहुधा गुन्हेगार नसतो, ही शिकवण जुन्या रहस्यपटांनी दिली. दूरचित्रवाणी आणि मोबाईलच्या आजच्या जमान्यात नेमकी तीच आपण विसरत चाललो आहोत.

सातारा-सांगलीचे रहस्यपटांशी नाते तिकिटापुरते नव्हते. मास्टर दीनानाथांचा संसार सांगलीत होता, लताबाईंचे बालपण तिथे गेले. आशाबाईंचा तर जन्मच १९३३ साली सांगलीचा. १९४९ साली कमाल अमरोहींच्या 'महल'मध्ये त्या गूढ स्त्रीसाठी लताबाई गायल्या आणि हिंदी रहस्यपटाला त्याचा आवाज मिळाला. पुढे 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वो कौन थी?' (१९६४) या चित्रपटांतही तोच आवाज होता. शब्द होते शकील बदायुनी आणि राजा मेहदी अली खान या उर्दू शायरांचे.

१९६४ सालीच राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला आणि मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. त्यातल्या 'या डोळ्यांची दोन पाखरे' या गीताचे कवी ग. दि. माडगूळकर, माणदेशात जन्मलेले आणि साताऱ्याच्या औंधला शिकलेले. गायिका आशाबाई. दोन वर्षांनी राज खोसला यांनी हीच कथा 'मेरा साया' म्हणून हिंदीत आणली, तेव्हा गीते राजा मेहदी अली खान यांनी लिहिली. एकाच कथेला माणदेशचा कवी आणि उर्दूचा शायर असे दोघांचे शब्द लाभले. हा आमच्या दोन्ही भाषांचा सामायिक वारसा आहे.

या सर्वांत आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो बी. आर. चोप्रा यांचा 'कानून' (१९६०). चित्रपटात एकही गाणे नाही. संवाद अख्तर-उल-ईमान या थोर शायराचे. एक भुरटा चोर रात्री सावकाराच्या घरात शिरतो, तर सावकार आधीच मरून पडलेला! चोर पकडला जातो. चोर, गरीब, शिवाय प्रेताजवळ सापडलेला. मग आणखी पुरावा कशाला हवा? परंतु खून होताना एका तरुण वकिलाने पाहिलेले असते. त्याच्या डोळ्यांना दिसलेला खुनी असतो एक प्रतिष्ठित न्यायाधीश, म्हणजे त्याचे होणारे सासरे. शेवटी कळते की खुनी तिसराच, न्यायाधीशासारखा दिसणारा. म्हणजे पोलिसांचा संशय तर चुकलाच, पण स्वच्छ मनाने पाहणाऱ्याचे डोळेही चुकले! आपल्या डोळ्यांवरही निकाल देण्यापुरता भरवसा ठेवू नये, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा चित्रपट आम्हाला आठवत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'करमचंद' (१९८५) आणि 'ब्योमकेश बक्षी' (१९९३) या मालिकांनी रहस्यकथा घराघरात पोचवली. तिथेही आठवडाभर थांबावे लागे, पुरावा जमेपर्यंत गुप्तहेर बोट दाखवत नसे. २००० साल संपता संपता 'आज तक' ही चोवीस तासांची वृत्तवाहिनी आली. २००७ मध्ये मराठीतही अशा वाहिन्या आल्या. बातमी लवकर मिळू लागली, हे चांगलेच झाले. मात्र चोवीस तास भरायचे तर तपासाची वाट कोण पाहणार? रहस्यपटात निकाल शेवटी येई. चर्चेच्या कार्यक्रमात तो आधी येतो आणि पुरावा मागून शोधला जातो. पार्श्वसंगीत मात्र रहस्यपटाचेच!

याची किंमत आपल्या भागाने मोजली आहे. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरील चित्रावरून मिरजेत दंगल उसळली आणि सांगली-कोल्हापूरपर्यंत तिचे लोण गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीत, म्हणजे औंध ज्या खटाव तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, समाजमाध्यमांवरील मजकुराचे निमित्त झाले. जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले. मजकूर कोणी टाकला, हा तपासाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर येईपर्यंत थांबायला जमाव तयार नव्हता. मेला त्याला तर आपली बाजू मांडण्याची तारीखही मिळाली नाही.

आम्ही वर्गात मुलांना 'अफवा' या शब्दाचे मूळ सांगतो. अरबीत 'अफवाह' म्हणजे तोंडे. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते ती अफवा, तिला डोळे नसतात. वकील, फिर्याद, जामीन, तारीख, मुदत हे शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. अफवा आणि फिर्याद, दोन्ही शब्द आपल्या घरात आहेत. कोणता वापरायचा, हे आपल्याच हातात आहे.

वाचकहो, हा दोष एका समाजाचा नाही. आपल्या वस्तीतही दुसऱ्यांविषयीचा मजकूर तपासल्याशिवाय पुढे ढकलला जातो. म्हणून मुलांना 'कानून' जरूर दाखवा, आणि तो चोर पकडला जातो तिथे क्षणभर थांबवून विचारा, "खुनी कोण?" त्यांचे उत्तर चुकेल. मग पुढचा चित्रपट दाखवा.